विक्रेत्याच्या खिशातला चाकू

आमच्या टपालात येणारी पत्रे बहुधा ठरावीक वळणाची असतात. कोणाला मुलीच्या लग्नाची काळजी, कोणाला नातवंडांच्या तोंडून मराठी निसटत चालल्याची खंत, तर कोणाला लोणच्यावर बुरशी का धरते याचे कोडे. परंतु एका श्रावणात कोहिनूरहून आलेल्या पत्राने आम्हांस विचारात पाडले. पत्र लिहिणारा तिशीच्या आतबाहेरचा तरुण. वडिलांच्या पश्चात चाकू, सुऱ्या, विळ्या, खुरपी आणि अडकित्ते विकण्याचा धंदा तो चालवितो. पहिल्या पानावर एवढाच प्रश्न होता, की चाकू विकणाऱ्याने स्वतःच्या खिशात कोणता चाकू बाळगावा?

खरे सांगावयाचे तर आम्हांस प्रथम हसू आले. ज्याच्या दुकानात चाकूंचा ढीग आहे, त्याने दुसऱ्याला हे विचारावे! कापडाच्या दुकानदाराने सदरा कोणता शिवावा म्हणून पत्रे लिहिल्याचे ऐकिवात नाही. पण पत्राचे दुसरे पान वाचले आणि आमचे हसू ओसरले. हा प्रश्न चाकूपुरता नाही. जो कोणी दुसऱ्याला काही विकतो, शिकवितो वा सांगतो, त्या प्रत्येकाला कधी ना कधी तो गाठतो. म्हणून पत्रलेखकाच्या संमतीने, त्याचे नाव न देता, ती हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कोहिनूर हे नाव ऐकून कोणाला बादशाही हिऱ्याची आठवण झाली, तर त्यात वाचकाचा दोष नाही. आमचे कोहिनूर मात्र बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याण तालुक्यातले गाव आहे. कलबुर्गी जिल्ह्याची शीव तिथून लांब नाही. तूर, ज्वारी, सोयाबीन, ऊस पिकविणारा हा मुलूख. 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले, काही भाग आंध्रात गेला आणि उरलेला म्हैसूर राज्यात राहिला, ज्याला 1973 पासून कर्नाटक म्हणतात. माणसे मात्र होती तिथेच राहिली. त्यामुळे आमच्या तरुणाच्या पालापुढे एक गिऱ्हाईक कानडीत भाव विचारते, दुसरे मराठीत घासाघीस करते आणि तिसरे दखनीत उधारी मागते. चाकूला मात्र तिघेही चाकूच म्हणतात. तुर्की-फारसीकडून आलेला हा शब्द आमच्याकडे इतका मुरला आहे, की तो कोणाच्या भाषेतला यावर कधी तंटा झाल्याचे आम्हांस ठाऊक नाही.

तर या तरुणाचा धंदा फिरता आहे. बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद अशा ठिकाणचे बाजार आणि जत्रा तो करतो. जमिनीवर ताडपत्री, तीवर मालाच्या रांगा, कडेला धारेचा दगड आणि पाण्याचा डबा, एवढा त्याचा पसारा. वडिलांनी चाळीस वर्षे हेच केले. मुलगा मधली काही वर्षे पुण्यास एका कारखान्यात होता. तिथून परतताना त्याने साठविलेल्या पैशांतून एक परदेशी चाकू विकत घेतला. पोलाद उत्तम, उघडझाप लोण्यासारखी, खटका असा पक्का, की उघडल्यावर पाते रेसभर हलत नाही. किंमत त्याच्या पालावरच्या तीस चाकूंएवढी. तो त्याने मोठ्या हौसेने खिशात बाळगला. त्यात काही गैर आहे असे त्यास वाटले नाही, आणि तोवर आम्हांसही वाटले नसते.

एका बाजारी एक वयस्क शेतकरी आला. रंगीत मुठीचा, स्वस्तातला घडीचा चाकू त्याने निवडला. उघडला, मिटला, अंगठ्याने धार पाहिली. मग सहज विचारावे तसे विचारले, "एनप्पा, तुझ्या खिशात कोणता आहे? दाखव की."

तरुणाने अभिमानाने आपला चाकू काढून दाखविला. शेतकऱ्याने तो हातात घेऊन उलटासुलटा केला, किंमत विचारली आणि परत दिला. त्यानंतर हातातला स्वस्त चाकू हळूच ताडपत्रीवर ठेवला. म्हणाला, "लेकरा, तुला जो चालत नाही तो मला कशाला द्यायलास?" आणि तो निघून गेला. रागावला नाही, आवाज चढविला नाही. शेजारी उभी असलेली आणखी दोन गिऱ्हाइकेही हळूच पांगली.

तरुण पत्रात लिहितो: "मी त्याला फसवीत नव्हतो. गरिबाला परवडेल असा माल मी ठेवतो. मला परवडतो म्हणून मी चांगला वापरतो. यात माझे काय चुकले? की चांगला चाकू घरी ठेवून, गिऱ्हाइकाला दाखविण्यापुरता स्वस्त चाकू खिशात ठेवू? तसे करणेही खोटेच ना?"

या शेवटच्या वाक्याने आम्ही अडखळलो. दाखविण्यापुरता चाकू ठेवण्याची युक्ती दहांतल्या नऊ जणांनी विनासंकोच केली असती. याला ती खोटी वाटली, म्हणूनच त्याला उत्तर द्यावेसे वाटले.

आम्ही विचार करू लागलो तसतसे ध्यानात आले, की चाकू विकणाऱ्याला तीन तऱ्हेचे मोह पडत असावेत. पहिला मोह मिरविण्याचा. उंची वस्तू खिशात असली म्हणजे गिऱ्हाइकावर छाप पडते आणि हा जाणकार आहे असे लोक समजतात, हा त्यामागचा हिशेब. दुसरा मोह धाकाचा. आमच्या पिढीने हिंदी चित्रपटांत रामपुरी चाकू पुष्कळ पाहिला. खट्‍दिशी उघडणारे ते लांब पाते उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांची करामत होती. पण त्या चाकूची कीर्ती भाजी चिरण्यासाठी झाली नाही. निर्बंध आले, मागणी घटली, कारागीर दुसऱ्या धंद्यांना लागले. 2023 साली त्या शहरात एका चौकात सुमारे 20 फुटांचा चाकू स्मारक म्हणून उभारण्यात आला. ज्या हत्याराचे स्मारक उभारावे लागते, ते लोकांच्या रोजच्या हातातून गेलेले असते. तिसरा मोह कोऱ्या वस्तूचा. विक्रेता सदैव नवा, चकचकीत चाकू बाळगतो, डाग पडला की बदलतो. त्याला आपला माल पहिल्या दिवशी कसा दिसतो ते ठाऊक असते. शंभराव्या दिवशी कसा वागतो ते ठाऊक नसते.

आणि गिऱ्हाईक तर शंभराव्या दिवसासाठीच पैसे मोजीत असते!

जगात ज्या खिशातल्या चाकूंनी खरे नाव कमावले, त्यांची कुळकथा पाहावी. फ्रान्समधल्या सावोय या डोंगराळ मुलखात जोसेफ ओपिनेल याने 1890 साली एक साधा घडीचा चाकू केला. लाकडी मूठ, पोलादी पाते, एक खिळा. गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे शेतकरी आणि कष्टकरी. लहानमोठ्या आकारांना त्याने नुसते क्रमांक दिले. उघडे पाते अचानक मिटून बोटावर येऊ नये म्हणून मुठीच्या तोंडाशी फिरते कडे बसविण्याची सोय 1955 साली झाली. आजही तो चाकू मूळच्या साध्या रूपातच विकला जातो. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनर याने 1884 साली आपला कारखाना काढला आणि 1891 पासून सैन्याला चाकू पुरविले. सैनिकाचा चाकू म्हणजे लढाईचे शस्त्र असेल असे आपल्याला वाटते; पण तो होता अन्नाचे डबे उघडण्यासाठी आणि बंदुकीचे स्क्रू फिरविण्यासाठी. इकडे आपल्याकडे कच्छातल्या रेहा आणि अंजार या ठिकाणी सुडी आणि चप्पू, म्हणजे अडकित्ते आणि चाकू करणाऱ्यांची परंपरा आहे. बडोद्याच्या आमच्या वाचकांना हे शब्द परके नाहीत. या साऱ्यांत एक गोष्ट समान दिसते. हे चाकू कामकरी माणसाच्या रोजच्या गरजेतून घडले आणि नाव त्यांना मागाहून मिळाले.

हे सारे मनात घोळवून आम्ही तरुणाला उत्तर धाडले. ते असे होते: "तुमच्या पालावर सर्वांत जास्त खपणारा चाकू कोणता? त्या ढिगातून डोळे मिटून एक उचला. निवडू नका. तो एक महिना खिशात ठेवा आणि प्रत्येक काम त्यानेच करा. परदेशी चाकू घरी कपाटात राहू द्या. महिन्यानंतर जे वाटेल ते आम्हांस कळवा."

डोळे मिटून उचला, हे आम्ही मुद्दाम लिहिले. विक्रेता स्वतःसाठी निवडू लागला, की शंभरांतला उजवा नग निवडतो. गिऱ्हाइकाला मात्र ते भाग्य नसते. जे त्याच्या हाती पडेल तेच विक्रेत्याच्या खिशात पडावयास हवे.

महिना उलटून गेला तरी उत्तर आले नाही. आम्हांस वाटले, रागावला असेल. पुढे मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या निमित्ताने आमचे हुमनाबादेजवळच्या माणिकनगरला जाणे झाले. माणिकप्रभूंच्या या स्थानी मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा सर्व भाषा बोलणारी माणसे येतात. परतताना आडवाट करून आम्ही कोहिनूर गाठले. घर शोधावयास त्रास पडला नाही. धारेवाल्याचे घर विचारताच पोरांनी दारापर्यंत पोहोचविले.

तरुणाने हात जोडून स्वागत केले, तेव्हा त्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर आडवा पांढुरका व्रण दिसला. आमची नजर तिकडे गेलेली पाहून तो म्हणाला, "आपल्या पत्राचं उत्तर हेच आहे. बोट बरं होईस्तोवर लिहिता येईना, आणि मग लिहायची लाज वाटली."

घडले होते ते असे. त्याने सांगितल्याप्रमाणे रंगीत मुठीचा तोच स्वस्त चाकू उचलला होता. पहिल्या आठवड्यात धार गेली. दगडावर पाजवली तर दोन दिवस टिकली आणि पुन्हा गेली. पोलादाला पाणी नीट दिलेलेच नव्हते. दुसऱ्या आठवड्यात पात्याचा खिळा सैल झाला. तिसऱ्या आठवड्यात पोत्याची सुतळी कापताना खटका सुटला, पाते मिटले आणि बोटावर आले. चार टाके पडले.

"टाक्यांचं काही नाही," तो म्हणाला. "दवाखान्यात बसल्या बसल्या मी मोजू लागलो, की हा चाकू आजवर मी किती जणांना विकला असेल. दर बाजारी पाचसहा. दोन वर्षं. त्यांत उसाच्या फडात काम करणारे होते, शेरडांसाठी पाला तोडणारी पोरं होती. कोणाचं काय झालं, मला कोण सांगणार?"

त्या वेळी आम्हांस आमच्याच पत्राचे भय वाटले. कागदावर उपदेश करणे सोपे असते. टाके दुसऱ्याच्या बोटाला पडले. तसे आम्ही बोलून दाखविले. त्यावर त्याची आई, जी इतका वेळ चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, "तुम्ही कशाला वाईट वाटून घेता? त्याचं बोट कापलं म्हणून त्याला कळलं. नाहीतर दुसऱ्यांची कापतच राहिली असती की."

पुढच्या बाजारापासून तरुणाने तो माल पालावरून काढला. एका पुठ्ठ्यावर कानडी, मराठी आणि उर्दू अशा तिन्ही लिप्यांत लिहून घेतले, की या मुठीच्या चाकूचा खटका सुटतो. ज्यांनी नेला असेल त्यांनी परत आणावा, पैसे मिळतील. ज्या घाऊक व्यापाऱ्याकडून माल आणला त्याने तो परत घेण्यास नकार दिला. तोटा यानेच सोसला. काही चाकू परत आले. काही लोकांनी दुसऱ्याकडून घेतलेले, पण तशाच मुठीचे चाकूही आणून दिले. ते त्याचे नव्हते हे त्याला ओळखू येत होते.

"मग पैसे दिले?" आम्ही विचारले.

"खटका तर त्यांचाही सुटतच होता ना," तो म्हणाला.

कोहिनूरपासून जवळच असलेल्या कल्याणात बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या भोवती जी शरणमंडळी जमली, तिच्यात राजाच्या पदरच्या अधिकाऱ्यांबरोबर दोर वळणारे नुलिय चंदय्या होते, बांबूच्या टोपल्या विणणारे मेदार केतय्या होते. कष्टाच्या कामाला त्यांनी कायक म्हटले आणि तीच उपासना मानली. पोटासाठी केलेले काम आणि सचोटी यांच्यामध्ये त्यांनी भिंत ठेवली नाही. आठशे वर्षांनंतर त्याच मातीतला एक पोरगा पुठ्ठ्यावर आपल्याच मालाची खोट तीन लिप्यांत लिहितो, तेव्हा ती शिकवण केवळ पोथ्यांत राहिलेली नाही असे आम्हांस वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आज त्याच्या खिशात कोणता चाकू आहे? त्याने काढून दाखविला. लाकडी मुठीचा, पितळी कडांचा, साडेतीन बोटे पात्याचा. पाते एका ओळखीच्या लोहाराने ट्रकच्या जुन्या पाट्याच्या पोलादाचे घडविलेले. हाच आता त्याचा मुख्य माल आहे. स्वस्त चाकूपेक्षा थोडा महाग. परंतु मजुरालाही परवडावा असा. ढिगातूनच उचललेला, दोन महिने वापरलेला. पात्यावर लिंबाकांद्याचे काळसर डाग पडलेले, मूठ हाताच्या घामाने गडद झालेली. गिऱ्हाइकाने विचारले की तो हाच काढून देतो आणि सांगतो, "मामा, दोन महिन्यांनी तुमचाही असाच दिसेल. डाग पडतील, पण धार राहील. ओला ठेवू नका, पुसून तेलाचं बोट फिरवा."

हातच्या काकणाला आरसा लागत नाही म्हणतात. तसाच हा प्रकार. दोन महिन्यांचा वापर दिसत असल्यावर वेगळी जाहिरात कशाला हवी?

आमच्या ज्या वाचकांना स्वतःसाठी वा घरासाठी असा चाकू घ्यावयाचा असेल, त्यांच्या सोयीसाठी त्याने सांगितलेल्या चार गोष्टी इथे देतो. पाते तीन ते चार बोटांहून लांब नसावे. फळ, दोरी, पुडके, कलम यांना तेवढे पुरते. खटका किंवा कमान पक्की हवी. उघडलेल्या चाकूचे पाते पाठीकडून बोटाने हलकेच दाबून पाहावे. डुगडुगले तर खाली ठेवावा. साधे पोलाद गंजते, पण घरच्या दगडावर चटकन धार घेते. स्टेनलेस गंजत नाही, पण त्यातला हलका माल धार धरीत नाही. ज्याच्याकडून पुसण्याची हयगय होते त्याने चांगले स्टेनलेस घ्यावे, ज्याला रोज पाजवावयाची सवय आहे त्याने साधे पोलाद. आणि बोथट चाकू हाच अधिक घातक, कारण त्यावर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की हात निसटतो.

कायद्याचीही थोडी जाण असावी. 1959 चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे 2016 चे नियम यांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या वर्गात घातले आहेत. घरगुती, शेतीच्या वा कारखान्याच्या कामासाठी बनविलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. खिशातला छोटा चाकू त्या मर्यादेच्या पुष्कळ आत असतो. तरीही सभा, मिरवणूक, शाळा, न्यायालय अशा ठिकाणी तो नेऊ नये. विमानाने जाणाऱ्यांनी तो हातातल्या पिशवीत न ठेवता सामानात घालावा, नाहीतर तपासणीच्या टेबलावर आजोबांच्या आठवणीचा चाकू सोडून जाण्याची पाळी येते. आमच्या परिचयातल्या एका गृहस्थांवर ती आलेली आहे.

त्या परदेशी चाकूचे काय झाले, असे वाचक विचारतील. तो विकून टाका असे आम्ही सांगितले नाही, आणि त्यानेही विकला नाही. उत्तम वस्तू हाताळल्याखेरीज वाईट वस्तू ओळखता येत नाही. नवा माल आला, की तो परदेशी चाकू शेजारी ठेवून खटका कसा बसतो, पाते मध्यावर मिटते का, हे ताडून पाहतो. लोहाराला नेऊनही दाखवितो. चांगल्या चाकूचा हा उपयोग आम्हांस फार आवडला. पूर्वी तो मिरविण्याची वस्तू होता, आता मापाची वस्तू झाला आहे.

निघताना आईने आम्हांस पेरू चिरून दिला. जमिनीवर पाट, पाटावर विळी, आणि बोटांची लगबग अशी की फोडी एका मापाच्या. आम्ही विळीचे कौतुक केले तेव्हा ती म्हणाली, "यांच्या खिशातला चाकू दिवसातून दहादा उघडतो. माझी विळी पहाटेपासून रात्रीपर्यंत उघडीच असते. हे बापलेक बाजाराला निघाले की मी विचारायचे, नव्या विळ्या माझ्या हाताखालून घातल्या का? याचे वडील घालायचे. प्रत्येक नव्या जातीची एक विळी आधी आठ दिवस माझ्या स्वयंपाकघरात. हा पुण्याहून आला आणि ते विसरला."

तरुणाने खाली पाहिले. "आता नाही विसरत, आई."

आम्हांस वाटते, या बाईने आमच्या सदराचे सारे सार सांगून टाकले. विकणाऱ्याच्या खिशात कोणता चाकू असावा हे ठरविताना आम्ही फ्रान्सपासून कच्छापर्यंत हिंडलो. उत्तर मात्र त्याच्याच घरात, चुलीपाशी, चाळीस वर्षे चालू होते. आपला माल आधी आपल्या माणसांच्या हाती द्यावा, त्यांचे काय म्हणणे पडते ते ऐकावे आणि मगच तो दुसऱ्याच्या हाती द्यावा.

खंडेनवमीला त्याने काय पुजले, हेही त्याने सांगितले. दर वर्षी तो नव्या मालाची आरास मांडीत असे. झेंडूच्या माळा, चकचकीत पाती, पाहणाऱ्याचे डोळे दिपावेत. टाके नुकतेच निघाले होते तेव्हाची ही खंडेनवमी. त्या दिवशी त्याने वडिलांचा जुना चाकू ट्रंकेतून काढला. पाजवून पाजवून पाते निम्मे झिजलेले, मुठीला तारेचा वेढा. पाटावर मधोमध तो ठेवला. त्याच्या एका बाजूला आईची विळी, दुसऱ्या बाजूला पालावर नव्याने ठेवलेल्या लाकडी मुठीच्या चाकूंतला एक, तोही डोळे मिटून उचललेला. नवी आरास त्या वर्षी मांडली नाही. दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघनाला जाताना तोच लाकडी मुठीचा चाकू त्याने खिशात घातला.

आणि तो शेतकरी? पुढे एका बाजारी तो पुन्हा आला होता म्हणे. पुन्हा तोच प्रश्न विचारला, डागाळलेला चाकू हातात घेतला, अंगठ्याने धार पाहिली. पण त्याने चाकू विकत घेतला नाही. मधल्या काळात दुसरीकडून घेऊन झाला होता. त्याने कमरेचा आपला चाकू काढला, तरुणापुढे ताडपत्रीवर ठेवला, कारण आपल्याकडे धारेची वस्तू कोणी कोणाच्या हातात देत नाही, आणि म्हणाला, "याला जरा धार लावून दे."

तरुणाने दगडावर पाणी शिंपडले आणि बसला.